अब्बांचे तवे, मामूंची मशीन

रमजानपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक मरहूम अब्बांच्या रेकॉर्डची पत्र्याची पेटी; दुसरी, मामूंनी जेद्दाहून आणलेली रेकॉर्ड वाजवायची मशीन. जळगावात आमच्या गल्लीत भंगारवाल्याची रोज फेरी असते. मुलाने विचारले, "देऊन टाकू का?" अम्मी काही बोलल्या नाहीत. पेटीवर हात ठेवून बसून राहिल्या.

पेटीत 'अल हिलाल' (१९५८) चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली होती. अब्बांची आवडती. तीच ऐकायची अम्मींची इच्छा.

मी उत्साहाने दुसरा एक तवा स्पिरिटने पुसायला घेतला. कापूस काळा झाला आणि तव्याची चमक गेली. ७८ फेऱ्यांचे जुने तवे लाखेचे असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तो आवाज माझ्या हाताने गेला. अशा तव्यांवर कोरडा मऊ ब्रश फिरवावा; फार तर किंचित ओल्या कपड्याने पुसून लगेच कोरडे करावे.

मग मशीन घेऊन धुळ्याला गेलो. तिथे ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेजचा खटका पाहून २२० वर केला. तबकडीवर कागदाचा कपटा ठेवला, बटण ३३ वर ठेवले आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला जेमतेम २८ भरल्या.

"मोटर खराब आहे का, चाचा?"

"मोटर ठीक आहे, बेटा. वीज वेगळी आहे."

सौदीत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. अशी मोटर विजेच्या चालीने फिरते, म्हणून वेग सहाव्या हिश्श्याने घटतो आणि गाणाऱ्याचा आवाज जड, रडका होतो. चाचांनी लेथवर मोटरची पुली एक पंचमांशाने मोठी करून घेतली, ताणलेला पट्टा बदलला, जुने वाळलेले तेल पुसून धुरीत नवे दोन थेंब सोडले. फेऱ्या बरोबर झाल्या.

खरी अडचण आर्मची होती. ज्याच्या टोकाला सुई असते, तो दांडा मुळाशीच तुटला होता. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जुने आर्म मिळतात. मी चकचकीत पाहून एक आणणार होतो, चाचांनी थांबवले. "ही पण सोयरीकच आहे. नुसतं रूप पाहून जमत नाही."

सुईची दांडी लवचीक असेल तर आर्म हलका हवा. दांडी ताठ असेल तर आर्म वजनदार चालतो. दोघांची मिळून एक डोलण्याची चाल असते. ती सेकंदाला ८ ते १२ असावी. त्याहून कमी झाली, तर कोणी शेजारून चालत गेले किंवा तवा वाकडा असला तरी सुई उडते. फार वाढली, तर गाण्यातल्या खालच्या सुरांत ढवळाढवळ होते. आर्मची लांबीही मशीनच्या जागेत बसली पाहिजे. छिद्र दोन-तीन मिलिमीटर चुकले, तर तव्याच्या शेवटाकडे आवाज फाटू लागतो.

सुया दोन लागल्या. लाँग प्लेच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉनचे, ७८ चे ६५-७० चे. जाड सुई लाँग प्लेवर टेकवली तर बारीक खाचा कायमच्या खरडल्या जातात. आर्मच्या मागचे वजन फिरवून दाब छोट्या काट्यावर मोजतात. प्रत्येक सुईचा दाब ठरलेला असतो. दाब कमी ठेवला म्हणजे तवा वाचतो, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारून तिच्या भिंती फोडते.

आता तवे माळ्यावर नाहीत. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली तवे वाकतात. खालच्या कपाटात, पुस्तकांसारखे उभे ठेवले आहेत.

ईदच्या दुसऱ्या दिवशी कव्वाली लावली. थोडी खरखर होती, पण आवाज त्या माणसाचाच. अम्मींनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. सुई उचलली तशा म्हणाल्या, "दुसरी बाजू लाव."