गुण आला, पण जंतू गेला का?

कर्जतहून उल्हास नदीच्या पुलापलीकडे दहिवली आहे. पोटातल्या जळजळीवर ज्येष्ठमधाचा काढा सांगणारे तिथे सहज भेटतात. खरे तर ही मुळी कर्जतच्या डोंगरात उगवत नाही. ती बाहेरून येऊन दुकानात विकली जाते. काढ्याची आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने सांगितलेली रीत अशी: भरडीच्या सोळापट पाणी घ्यायचे आणि मंद आचेवर अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. त्याने गुण येतो हे खोटे नाही. ज्येष्ठमधापासून केलेले कार्बेनॉक्सोलोन १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये जठराच्या व्रणांवर रीतसर दिले जात होते आणि व्रण भरूनही येत होते. मात्र त्याने रक्तदाब वाढे, पोटॅशियम उतरे. रक्तदाबाच्या रोग्याने रोज काढा घेताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण व्रण भरणे वेगळे आणि त्याचे कारण जाणे वेगळे. १९८२ मध्ये पर्थच्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी व्रणांमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, भोवतालचे आम्ल मारतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तरात दडून राहतो. नुसते आम्ल कमी केले की व्रण भरतो, पण जंतू तिथेच असेल तर बहुतेकांचा वर्षभरात उलटतो. हळद, ज्येष्ठमध, लसूण यांचे अर्क काचेच्या बशीत त्याची वाढ रोखतात, हे प्रयोगांत दिसले आहे. बशीत मात्र ना ते अस्तर असते, ना घोट पुढे ढकलणारे जठर.

यावर कोणी म्हणेल, कुड्याच्या सालीने आव थांबते, मग इथेच शंका का? आक्षेप रास्त आहे. कुड्यातल्या कोनेसीनचा वापर आधुनिक वैद्यकानेही अमीबाच्या आवेवर केला होता. पण अमीबा वेगळा, हा जंतू वेगळा. एकाच पोटात राहतात म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासा झाला आहे, भारतात मेट्रोनिडाझोलला तर फारच. म्हणूनच आज साधारण चौदा दिवस दोन-तीन औषधे एकत्र आणि सोबत आम्ल रोखणारी गोळी देतात. जोडीला वनौषधी घेऊन फायदा होतो का, हे जरूर तपासावे. पण प्रतिजैविकाला अपयश येते, एवढ्याने काढ्याला यश येत नाही.

जंतू गेला की नाही, हे कळायची सोय आहे. खूण केलेला युरिया पिऊन रोग्याने पिशवीत फुंकायचे. जंतू असेल तर त्या युरियाचा कार्बन श्वासात उतरतो. औषधे संपल्यावर निदान चार आठवड्यांनी आणि आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून ही तपासणी करतात. काढ्यालाही हीच परीक्षा लावावी. त्यात वनौषधीचा अपमान नाही. जळजळ थांबली हे रोगी सांगू शकतो, जंतू गेला हे त्याला जाणवत नाही. आणि शौचाला डांबरासारखी काळी होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आधी काढा की आधी गोळी हा वाद घालत न बसता दुर्बिणीने जठर पाहून घ्यावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगकारक ठरवले आहे.