सँडहिल क्रेनचा मार्चमधला मुक्काम: नदी, मका आणि माळ

आज जरा लांब जाऊ या. अमेरिकेच्या मधोमध नेब्रास्का राज्य आहे, आणि तिथून प्लॅट नावाची एक पसरट, उथळ नदी वाहते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत या नदीच्या जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात सँडहिल क्रेन उतरतात. क्रेन म्हणजे क्रौंच, आपल्या सारसाचे भाऊबंद. (बांधकामावरच्या क्रेनला नाव या पक्ष्यावरून पडलंय, उलटं नाही.)

किती उतरतात? अलीकडच्या वर्षांत मोजणी ७ लाखांच्या पुढे गेलीय. जगातल्या सँडहिल क्रेनपैकी ८० टक्क्यांहून जास्त पक्षी या एका पट्ट्यातून जातात. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोतून ते येतात आणि पुढे कॅनडा, अलास्का, काही तर थेट सायबेरियापर्यंत जातात.

मग थांबायला हीच जागा का? तर त्यांना लागणाऱ्या तीन गोष्टी इथे एकमेकींना चिकटून आहेत, म्हणून.

पहिली गोष्ट म्हणजे नदी, फक्त रात्रीपुरती. क्रेन झाडावर बसून झोपत नाही, पाण्यात उभी राहून झोपते. पाणी घोट्याएवढं हवं आणि आजूबाजूला झाडी नको. कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा शिकारी, पाण्यातून आला की खळखळ होते आणि अख्खा थवा जागा होतो. साधी, फुकटची अलार्म सिस्टीम.

दुसरी गोष्ट म्हणजे शेत. उजाडलं की हे पक्षी मक्याच्या शेतात जातात. काढणीनंतर मशीनमधून सांडलेले दाणे हेच त्यांचं मुख्य जेवण, साधारण ९० टक्के. तीन-चार आठवड्यांच्या मुक्कामात त्यांचं वजन पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतं. ही चरबी म्हणजे पुढच्या प्रवासाचं पेट्रोल, कारण उत्तरेत पोचल्यावर कधीकधी अजून बर्फच असतो.

पण मक्याने नुसती चरबी मिळते. अंडी घालायची तर प्रथिनं हवीत, कवचासाठी कॅल्शियम हवं. ते मिळतं नदीकाठच्या ओल्या कुरणांत: गांडुळं, गोगलगाई, किडे. ही झाली तिसरी गोष्ट. खाण्यात हिचा वाटा दहा टक्केच, पण तो मक्याने भरून निघत नाही.

आता गंमत संपते. या तिन्ही गोष्टींना ओहोटी लागलीय.

नदीचं बघा. वायोमिंग, कोलोरॅडो आणि खुद्द नेब्रास्कात धरणं झाली. किंग्सली हे मोठं धरण १९४१ मध्ये पूर्ण झालं. आधी वसंतात पूर यायचा, बर्फाचे तुकडे वाहत यायचे आणि वाळूच्या बेटांवरची रोपटी खरवडून न्यायचे. पाणी अडल्यावर तिथे झाडं रुजली, पात्र आक्रसलं आणि क्रेनला झोपायला उघडी जागा कमी उरली. आता रो सँक्चुअरीसारख्या ठिकाणी पुराचं हे काम ट्रॅक्टर करतात, झाडोरा उपटून बेटं मोकळी ठेवतात. जागा कमी म्हणजे दाटीही आली. एवढे पक्षी खांद्याला खांदा लावून झोपले तर एखादी साथ किती वेगाने पसरेल, ही तिथल्या अभ्यासकांची खरी काळजी आहे.

मक्याचंही तेच. कापणीची यंत्रं जितकी चांगली, तितके दाणे कमी सांडतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेतात जेवढा मका उरायचा, त्याच्या जवळपास निम्माच वीस वर्षांनी उरत होता. शेतकऱ्याला कोण काय म्हणणार? त्याने नीट काढणी केली एवढंच. शिवाय काही शेतांत आता सोयाबीन असतं, आणि ते क्रेनच्या फारसं उपयोगाचं नाही.

आणि गवताळ माळ, म्हणजे प्रेअरी? उंच गवताच्या प्रेअरीपैकी चार टक्क्यांच्या आसपासच शिल्लक आहे, बाकी नांगराखाली गेली. नदीच्या उत्तरेला सँडहिल्स नावाचे गवताळ वाळूचे डोंगर मात्र टिकले, कारण वाळूत शेती होईना, गुरं चारणं परवडलं. या माळांवर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे प्रेअरी चिकनचा नाच बघायला मिळतो. नर आखूड गवताच्या उंचवट्यावर जमतात, मानेवरच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि घुमल्यासारखा खोल आवाज काढतात. माद्या अंडी घालतात त्या मात्र जवळच्या उंच गवतात. म्हणजे या कोंबडीएवढ्या पक्ष्यालाही एक प्रकारचं गवत पुरत नाही.

हे आपल्याला का कळायला हवं? कारण आपल्याकडे हिवाळ्यात येणारा कांड्या करकोचा याच कुळातला आहे. तोही दिवसा शेतात दाणे टिपतो आणि रात्री उथळ पाण्याकाठी थांबतो. आणि माळरानाला तर आपल्याकडे कागदोपत्री सर्रास पडीक जमीनच म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य लक्षात घेतलं, तर त्या ‘पडीक’मध्ये काय राहत होतं ते समजतं.

बरं, नेब्रास्काला कुणी जाणार असेल तर: पहाटे अंधारात लाकडी हाईडमध्ये जाऊन बसायचं, पूर्ण उजाडून पक्षी उडेपर्यंत बाहेर पडायचं नाही, फ्लॅश बंद, मोबाईलची स्क्रीनसुद्धा झाकलेली. दिवसा रस्त्यावरून गाडीतूनच बघायचं. शेतं खासगी आहेत, आणि गाडीला न घाबरणारी क्रेन माणूस उतरला की उडते.

घरबसल्या बघायचं तर रो सँक्चुअरीचा क्रेन कॅम लाइव्ह असतो. मार्चच्या मध्यावर तिकडे सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले असतात. त्याच्या थोडं आधी लावा, हेडफोन घालून. क्रेनची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, म्हणून तो खर्जातला आवाज किलोमीटरच्या पलीकडे जातो. थवे नदीवर परत येतात ते आपल्या सकाळी सहाच्या सुमारास.