अतिकृश रुग्णाच्या चिठ्ठीतील अपथ्य

पथ्यापथ्याची चिठ्ठी ही आपल्या व्यवसायाची खूणच होय. औषध बांधून होताच रुग्ण विचारतो, "काय खायचे नाही?" आणि आपणही सवयीने लिहितो : दही, आंबवलेले, तळलेले, मैदा वर्ज्य. बहुतेक रुग्ण यातील निम्मेच पाळतात, म्हणून फारसे बिघडत नाही. अॅनोरेक्सिया नर्व्होसाचा रुग्ण मात्र ती अक्षरशः पाळतो.

काही वर्षांपूर्वी एका मातेने आपल्या एकोणीस वर्षांच्या कन्येस आमच्याकडे आणले. मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांनी तिचे वजन नुकतेच वाढू लागले होते. तक्रार आध्मानाची, चार घासांत पोट फुगे. आम्ही अग्निमांद्य ठरवून दही, उडीद, गहू व गोड वर्ज्य केले आणि रात्री केवळ पेज सांगितली. दीड महिन्याने ती आली ती मिळविलेले वजन घालवून. चिठ्ठी तिने घडी करून जपली होती. घरी कोणी आग्रह केला की ती पुढे करीत असे. वैद्यांनीच लिहिले म्हटल्यावर आई तरी काय बोलणार? चूक सर्वस्वी आमची होती.

हा व्याधी म्हणजे अरोचक नव्हे. अरोचकात अन्नाची इच्छाच नसते; येथे भूक पुष्कळदा असते, पण वजन वाढण्याचे भय तिला दडपते. शिवाय उपासमार स्वतःच मन बिघडविते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे व खिन्न झाले, अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर पोटभर जेवूनही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमली नाही. बऱ्या होणाऱ्या रुग्णात अशी भूक दिसल्यास ती भस्मक समजून आवरू नये.

आध्मानाचेही तसेच. दीर्घ उपासमारीने आमाशय मंद रिकामे होते, मलावष्टंभ होतो. नियमित आहाराने व वजन वाढल्याने हे बहुधा सुधारते, लंघनाने वाढते. प्रथम पोटाभोवतीच मेद साठतो, क्वचित पायांवर सूज येते. ही लक्षणे पाहून रुग्ण घाबरतो, आणि आपण 'गोड कमी करा' म्हटले की त्या भीतीवर वैद्याची मोहोर उमटते.

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिकृशासाठी काय सांगितले आहे? नवान्न, दही, तूप, दूध, शालि, उडीद, गहू, गुळाचे पदार्थ. त्याचबरोबर निद्रा, हर्ष, चिंता व व्यायाम यांपासून विराम. आम्ही वर्ज्य केलेले बहुतेक सारे या यादीत आहे! तेथे कृशास लघु अन्न सांगितले आहे हे खरे. परंतु ते लघु असूनही संतर्पणच असावे, असा आशय आहे. संतर्पणीय अध्यायानुसार चिरक्षीण मनुष्य संतर्पणाच्या दीर्घ अभ्यासानेच पुष्ट होतो.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. फार दिवस उपाशी असलेल्यास एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम घसरून प्राणावर बेतू शकते. मूर्च्छा, मंद नाडी वा झपाट्याने घटलेले वजन आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. आहाराची मात्रा किती गतीने वाढवावी हे तेथील चिकित्सकांनी रक्ततपासणी करून ठरवावयाचे असते. पण मात्रा हळूहळू वाढविणे वेगळे आणि पदार्थ वर्ज्य करणे वेगळे. खरी अॅलर्जी, सीलिअॅक व्याधी, मधुमेह अशी सिद्ध कारणे वगळता एकही पदार्थ निषिद्ध ठरवू नये. सोनामुखी, त्रिफळा यांची पूड रुग्ण स्वतःहून घेतो का, हे अवश्य विचारावे. वजन घटविण्यासाठी रेचकांचा दुरुपयोग या व्याधीत नित्याचा आहे.

त्या मुलीच्या दुसऱ्या चिठ्ठीत 'अपथ्य' या छापील रकान्यावर आम्ही आडवी रेघ मारली. खाली तीन जेवणे व तीन मधल्या खाण्यांच्या वेळा लिहिल्या आणि तिच्या मनोविकारतज्ज्ञांना दूरध्वनी केला. मार्गशीर्षातील गुरुवार धरू का, असे तिने विचारले. यंदा नाही, असे आम्ही सांगितले. उपवास आईने केला, आणि मुलीच्या पानात पुरणपोळी वाढली.