प्राथमिक शाळेचे ग्रंथालय आणि कुटुंब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय अपेक्षित असून त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत, अशी तरतूद आहे. ही पुस्तके घरी जावीत काय, याविषयी मात्र अनुसूची मौन बाळगते. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे.

ग्रामीण प्राथमिक शाळेत कपाटाची किल्ली सहसा एखाद्या शिक्षकाकडे असते. पुस्तक हरवल्यास जाब आपणास द्यावा लागेल, ही त्याची धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. परिणामी पुस्तके सुरक्षित राहतात, आणि कोरीही. वस्तुतः डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या पंचसूत्रीत (१९३१) अग्रस्थान वापराला आहे, जतनाला नव्हे.

उक्त अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. गहाळ पुस्तकांची यादी या समितीपुढे ठेवण्याचा ठराव झाल्यास शिक्षकावरील ताण हलका होईल आणि पुस्तक कुटुंबाच्या नावे देता येईल. आईस वाचता येत नसेल तर मुलाने वाचावे, तिने ऐकावे. हीदेखील ग्रंथालय सेवाच होय.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न अधिक बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या या कुटुंबांना आठवड्याची मुदत निरर्थक ठरते. सोबत जाणाऱ्या मुलांना निघतानाच तीन-चार पुस्तके द्यावीत, परतीची तारीख गळीत हंगामाच्या अखेरीस धरावी. काही प्रती पालावर फाटतील, काही परतणार नाहीत. देवघेव नोंदवहीत त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना आखावा.