ग्लासगोच्या तळघरांतील गाणें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. साठी उलटलेल्या आणि मॅट्रिकपुढें न गेलेल्या शाळामास्तरानें विजेच्या वाद्यांवरील विलायती गाण्याविषयीं बोलावें, यांत विसंगति आहे हें मी प्रथमच कबूल करतों. पण गेल्या सुटींत माझ्या नातवानें हट्टानें मला एक ध्वनिमुद्रिका ऐकविली. यंत्र आलें कीं गाण्यांतला जीव गेला, अशी माझी जुनी समजूत होती. या ध्वनिमुद्रिकेनें तिला धक्का दिला. तो कसा, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

ध्वनिमुद्रिकेचें नांव ‘एव्हरी ओपन आय’. ती २५ सप्टेंबर २०१५ रोजीं प्रसिद्ध झाली. करणारी मंडळी तीन : लॉरेन मेबेरी ही गायिका, आणि इयन कुक व मार्टिन डोहर्टी हे वादक. राहणारीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरचीं. २०११ सालीं त्यांनीं आपला मेळ जमविला आणि त्यास ‘चर्चेस’ असें नांव दिलें. मात्र हें नांव लिहितांना तीं रोमन ‘यू’च्या जागीं ‘व्ही’ घालतात. कारण इंटरनेटवर शोधणाऱ्यास खऱ्याखुऱ्या देवळांचे पत्ते न मिळतां या मंडळींचा पत्ता मिळावा! शुद्धलेखनाची वही तपासण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास ही अशुद्धता सोसवत नाहीं, पण तिच्यामागचें कारण मात्र पटतें.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका २०१३ सालीं निघाली व तिचें फार कौतुक झालें. येथूनच खरी अडचण सुरू होते. पहिल्या कृतीस कर्त्याचें सारें पूर्वायुष्य भांडवल म्हणून मिळतें. दुसरीस मिळतात मधलीं दोन वर्षें, आणि तींही प्रवासांत व मैफलींत गेलेलीं. शिवाय आतां पैसा आहे, नांव आहे, मोठा स्टुडिओ व नामांकित निर्माता मिळण्याजोगा आहे. अशा वेळीं पुष्कळ मंडळी वाद्यांची भर घालतात आणि गाणें हरवून बसतात. हे तिघे मात्र २०१५ च्या आरंभीं पुन्हा आपल्याच ग्लासगोच्या तळघरांतील लहानशा स्टुडिओंत जाऊन बसले आणि सर्व निर्मिति त्यांनीं स्वतःच केली. त्या स्टुडिओचें नांव आलुकार्ड. त्याचीं रोमन अक्षरें उलट वाचलीं तर ‘ड्रॅक्युला’ होतो. (बाहेरच्या निर्मात्याचें साहाय्य त्यांनीं पुढें २०१८ सालच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठीं घेतलें.)

आतां हीं वाद्यें कशीं चालतात, तें थोडक्यांत पाहूं. सिंथेसायझर दिसावयास पेटीसारखा, पण त्यांत भाता नाहीं कीं सूर नाहींत. विजेचा प्रवाह सेकंदांत अमुक वेळां हेलकावतो, आणि तोच नाद होय. हा मूळ नाद कर्कश असतो. म्हणून तो एका गाळणींतून नेतात. गाळणी मिटली तर नाद भिंतीपलीकडून आल्यासारखा घुमतो, आणि उघडत नेली तर तोच स्वर उजळत येतो. नाद एकदम उमटावा कीं हळूहळू, लगेच विरावा कीं रेंगाळावा, हेंही वादकच ठरवितो. दुसरी एक युक्ति अशी कीं, ढोलाचा ठोका पडला कीं बाकीचे स्वर क्षणभर आपोआप दबतात व लगेच वर येतात. त्यामुळें सबंध गाण्यास श्वासोच्छ्वास लागल्याचा भास होतो.

या ध्वनिमुद्रिकेंतील ‘क्लिअरेस्ट ब्लू’ हें गीत त्याचें उत्तम उदाहरण. निम्म्या गीतापर्यंत जणुं कांहींच घडत नाहीं. तोच ठेका, तीच लहान स्वरपंक्ति. फक्त गाळणी उघडत चालली आहे आणि गायिकेचा आवाज एक एक पायरी चढत आहे. ऐकणारा अधीर होतो. आणि मग एकाएकीं सर्व स्वर मोकळे सुटतात! मला समेची आठवण झाली. समेचें शास्त्र वेगळें, हें मी जाणतों; परंतु लांबविलेल्या प्रतीक्षेचा आनंद तोच. या सुटलेल्या स्वरांत १९८० नंतरच्या इंग्लंडांतील डेपेश मोड या मंडळींची छाया स्पष्ट दिसते. ध्वनिमुद्रिकेचें नांवही याच गीताच्या शब्दांतून घेतलें आहे.

‘लीव्ह अ ट्रेस’ हें गीत प्रीतिभंगाचें. तें रडत नाहीं. सारा दोष आपल्या माथीं घेण्यास ती स्त्री साफ नकार देते. या नकारामागें अनुभव आहे. मेबेरीनें कायद्याचा व पत्रकारितेचा अभ्यास केलेला. इंटरनेटवर तिला जे बीभत्स संदेश येत, त्यांविषयीं तिनें २०१३ सालीं ‘गार्डियन’ पत्रांत उघडपणें लिहिलें आणि हें निमूटपणें सोसणार नाहीं असें बजाविलें. तिचा आवाज बारीक, जवळजवळ मुलीचा; त्यांतून असे कठोर शब्द येतात तेव्हां ते अधिक लागतात. भोंवतीं स्वरांची दाटी कमी ठेवली आहे, म्हणून प्रत्येक शब्द ऐकूंही येतो.

सर्वच उत्तम आहे असें नाहीं. ‘मेक देम गोल्ड’मधील उपदेश मला शाळेच्या स्नेहसंमेलनांतल्या भाषणासारखा वाटला (तशीं भाषणें मीं पुष्कळ केलीं आहेत). डोहर्टीनें एकच गीत गाइलें आहे. तें गोड, पण मेबेरीच्या गीतांशेजारीं फिकें. उत्तरार्धांत दोन-तीन गीतांची ठेवण एकसारखी वाटते. लोकांनीं मात्र ध्वनिमुद्रिका उचलून धरली. ब्रिटनच्या खपाच्या यादींत पहिली नवव्या स्थानीं होती, ही चौथ्या स्थानीं गेली. अमेरिकेंत पहिली बाराव्या, ही आठव्या.

यंत्राविषयींचा संशय आपल्याकडे नवा नाहीं. आपल्या नभोवाणीनेंच १९४० सालीं पेटीस दार बंद केलें होतें; ती बंदी शिथिल झाली १९७१ सालीं. आज त्याच पेटीस आपण घरचें वाद्य मानतों. मीं हें सांगितलें तेव्हां नातू हंसला आणि त्यानें शेवटचें, अकरावें गीत लावलें. ‘आफ्टरग्लो’ त्याचें नांव. त्यांत ढोल नाहीं, ठेका नाहीं. दहा गीतें कडकडाटानें वाजल्यावर येथें केवळ एक मंद स्वरपट पसरलेला आहे आणि त्यावर ती एकटी गात आहे. तेवढें गीत मीं त्यास पुन्हा लावावयास सांगितलें.