विश्लेषण : ॲपच्या चाचणीतील कोणत्या सूचना ऐकायच्या, कोणत्या सोडायच्या?

ॲप बाजारात आणण्यापूर्वी ते मोजक्या वापरकर्त्यांच्या हाती देऊन पाहिले जाते. त्यातून सूचनांचा ढीग जमतो. वेळ आणि पैसा मर्यादित असल्याने त्या सगळ्या अमलात आणणे शक्य नसते. मग निवड कशी होते?

पाच जणांचे मत पुरेसे?

जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका वापरकर्त्यामुळे सरासरी ३१ टक्के, तर पाच जणांमुळे सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. मात्र हे गणित अडचणी शोधण्यापुरते आहे. पाचपैकी तिघांना रंग आवडला नाही, यावरून लाखो ग्राहकांची आवड ठरत नाही.

आधी काय दुरुस्त करायचे?

नील्सन यांच्या पद्धतीत अडचणीला शून्य ते चार गुण मिळतात. चार म्हणजे ती दूर केल्याशिवाय ॲप आणायचेच नाही. अडचण किती जणांना येते, त्यांचे काम किती अडते आणि ती वारंवार छळते का, हे निकष. पैसे भरण्याचे बटण स्क्रीन रीडर वाचत नसेल, तर चाचणीत तक्रार एकट्या अंध व्यक्तीचीच असेल. पण तिच्यासाठी ॲपच बंद आहे. रंगाबद्दलच्या तीन तक्रारींपेक्षा ही एक तक्रार मोठी.

बोलणे महत्त्वाचे की वागणे?

‘सोपे आहे’ म्हणणारा शेवटच्या पानावर अडखळला, तर अडखळणे ग्राह्य धरावे. तसेच ‘शोधा’ बटण मोठे करा, असे सांगणाऱ्याला कदाचित वस्तूच सापडत नसते. तक्रार स्वीकारावी, त्याने सुचवलेला उपाय तपासून घ्यावा.

ओरड झाली की माघार घ्यावी?

फेसबुकने २००६ मध्ये न्यूज फीड आणल्यावर लाखोंनी विरोध केला. कंपनीने फीड कायम ठेवला, पण कोणती माहिती इतरांना दिसावी हे ठरवण्याची सोय दिली. स्नॅपचॅटच्या २०१८ मधील नव्या मांडणीविरोधात १२ लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत दैनंदिन वापरकर्ते १९.१ कोटींवरून १८.८ कोटींवर आले; काही बदल मागे घ्यावे लागले. नाराजी दोन्हीकडे होती. नवेपणाची कुरकूर सवयीने शमते. रोजचे काम अडले, तर माणूस ॲप सोडतो. हा फरक ओळखणे, हेच चाचणीचे खरे काम.