हिरवळीला पाणी : कमी वेळा, पण पोटभर

उन्हाळा लागला की अंगणातल्या हिरवळीवरून घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, रोज पाणी मारले नाही तर गवत जळेल. दुसरा म्हणतो, प्यायला पाणी पुरत नाही, तिथे गवताला कशाला? पाणी देण्याची रीत समजून घेतली तर दोघांचेही समाधान होऊ शकते.

जिथे ओल असते तिथेच मुळे वाढतात. रोज पाच मिनिटे पाइप फिरवला तर वरची बोटभर मातीच भिजते आणि मुळेही तेवढ्यातच राहतात. मग एक दिवस नळ आला नाही की गवत माना टाकते. वर लव्हाळा माजतो तो वेगळाच. त्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा चार ते सहा इंच माती भिजेल इतके पाणी द्यावे. मुळे खोल उतरतात आणि मधले कोरडे दिवस सहज सोसतात.

किती पाणी द्यायचे? साधारण हिशेब आठवड्याला एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर. चौरस मीटरला २५ लिटर. दहा फूट बाय वीस फुटांच्या तुकड्याला सुमारे ४६५ लिटर, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाने सव्वादोन पिंपांहून थोडे जास्त. फवारा लावत असाल तर सरळ काठाचे दोन-तीन रिकामे डबे हिरवळीवर ठेवा. त्यांत एक इंच पाणी जमायला किती मिनिटे लागतात ते मुलांना मोजायला सांगा. गणिताचा धडाही होईल.

वेळ पहाटेची, फज्रच्या नमाजनंतरची. दुपारी बरेच पाणी उन्हात उडून जाते. रात्री दिले तर पाती ओली राहून बुरशी धरते.

काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. ते वाहून जाऊ लागले की थांबा आणि अर्ध्या तासाने उरलेले द्या. रेताड जमिनीत पाणी लवकर खाली जाते, म्हणून तेवढेच पाणी दोन दिवसांत विभागून द्या.

पाणी कधी हवे, हे गवतच सांगते. त्यावरून चालून पाहा. दबलेली पाती पुन्हा उभी राहिली नाहीत, पावलांचे ठसे तसेच राहिले किंवा रंग निळसर-करडा दिसू लागला, तर पाणी द्या. उन्हाळ्यात गवत थोडे उंच ठेवावे आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. पात्यांच्या सावलीत माती ओल धरून राहते.

वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते बादलीत किंवा पिंपात धरून त्याच दिवशी हिरवळीला घालता येते. मशिदीच्या वुजूखान्याचे पाणीही पाइपने आवारातल्या बागेकडे वळवता येईल. कपडे धुतलेले पाणी मात्र टाळावे. त्यातल्या क्षारांनी काळी माती घट्ट होते.

आणि खरीच टंचाई आली तर? आपल्याकडे अनेक अंगणांत हरळीच असते. तिची चिवट मुळी शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. पाणी तोडले तर ती पिवळी पडते, वाळल्यासारखी दिसते, पण जमिनीखालची खोडे जिवंत राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. म्हणून टंचाईत पाणी आधी माणसांना, मग जनावरांना आणि पाखरांना, त्यानंतर झाडांना द्यावे. वाळलेले आंब्याचे झाड पुन्हा उभे करायला वर्षे लागतात. हरळी जूनमध्ये आपली आपण हिरवी होते.